शेतातली ट्रॉली, यात्रेतला मुक्काम

चैत्र उजाडला, की दारव्हा-दिग्रस मार्गावर कमानी चढविलेल्या आणि ताडपत्रीने झाकलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसू लागतात. रामनवमीला वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात, पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. दारव्ह्याहून हे अंतर ट्रॅक्टरनेही एका दिवसात आरामात कापता येते. जिल्ह्यातील इतर देवस्थानांच्या यात्रांना, इतकेच नव्हे तर दारव्हा तालुक्यातीलच धामणगाव (देव) येथे मुंगसाजी महाराजांच्या दर्शनाला जाणारी कुटुंबेही हीच सोय करतात. ज्या ट्रॉलीतून दिवाळीनंतर कापूस बाजारात गेला आणि उन्हाळ्यात शेणखत शेतात पडायचे आहे, तीच मधल्या चार दिवसांसाठी घर होते.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. विदर्भातील शेतकऱ्याच्या घरी ओझ्यासाठी बंडी आणि माणसांसाठी रेंगी किंवा दमणी असे. दूरच्या यात्रेला मात्र बंडीच निघे. तिच्या उभाऱ्यांना बांबूचे तट्टे बांधले जात, वर कामट्यांची कमान आणि त्यावर घोंगडी किंवा गोणपाट टाकले जाई. खाली कडब्याचा थर, त्यावर सतरंजी. बैलांचा चारा हाच माणसांचा बिछाना आणि जसजसा चारा संपे तसतसा बिछाना पातळ होई. परदेशात अशा फिरत्या मुक्कामाचा मोठा शौक आहे. इंग्लंडमध्ये गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने १८८५ मध्ये ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची गाडी खास भटकंतीसाठी बांधून घेतली. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे मोटारीमागे ओढण्याच्या, अश्रूच्या थेंबासारख्या आकाराच्या छोट्या गाड्या लोक घरीच तयार करू लागले. त्यांत पुढे झोपायची जागा आणि मागचे झाकण उघडले की स्वयंपाकाचा ओटा असे. आपल्या ट्रॉलीचा फाळका खाली सोडून त्यावर पोळपाट मांडणाऱ्या गृहिणीला यात काही नवल वाटणार नाही.

प्रश्न आहे तो ही रचना करताना काय सांभाळावे याचा. बंडी हाकणाऱ्या जुन्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नसे, ती म्हणजे ओझ्याचा तोल. मागे भार जास्त झाला की गाडी ‘उलाळ’ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जास्त झाला तर बैलांच्या खांद्यावर नको तेवढा भार येतो. ट्रॅक्टरला मान नाही आणि तो तक्रारही करीत नाही, त्यामुळे ट्रॉलीत सामान भरताना हे भान सुटते. दोनचाकी ट्रॉलीत तर ते सुटून चालतच नाही.

एक साधा हिशेब करून पाहावा. हौदा साधारण दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद आहे, पुढच्या दांड्याचे टोक आसापासून आठ फुटांवर आहे आणि ट्रॉली रिकामी उभी असताना त्या टोकावर ८० किलो भार येतो असे धरू. वजन गुणिले अंतर या नात्याने पुढच्या बाजूचा जोर ८० गुणिले ८ म्हणजे ६४० होतो. आता ट्रॅक्टर सोडून नेला आहे, दांडा टेकूवर ठेवला आहे आणि घरातील तीन माणसे गप्पा मारीत मागच्या फाळक्यावर, म्हणजे आसापासून साडेचार फुटांवर जाऊन बसली. प्रत्येकी ६० किलो धरले तरी १८० गुणिले साडेचार म्हणजे ८१० झाले. मागची बाजू जड ठरली. दांडा वर उसळणार, फाळका जमिनीला टेकणार आणि आत पेटता दिवा किंवा उकळता चहा असेल तर पुढचे सांगायला नको. म्हणून दोनचाकी ट्रॉलीत मुक्काम करायचा असेल, तर पहिला बदल छताचा किंवा बिछान्याचा नाही. पहिला बदल म्हणजे मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली लावायचे दोन लोखंडी पाय. लोखंडी पाइपात पाइप सरकणारे, भोके पाडून पिनने उंची ठरविता येणारे पाय कोणताही वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देतो. त्यांच्या तळाला तळहाताएवढी चौकोनी पट्टी जोडलेली असावी, नाहीतर काळ्या जमिनीत ते सरळ आत घुसतात. शिवाय दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचर हवी.

चारचाकी ट्रॉलीला हा धोका बराच कमी. हायड्रोलिकने उचलल्या जाणाऱ्या ट्रॉलीविषयी मात्र वेगळी सूचना द्यावीशी वाटते. मुक्कामासाठी ती शक्यतो घेऊच नये आणि घेतलीच तर ट्रॅक्टरपासून तिची नळी सोडवून ठेवावी. ट्रॅक्टरच्या सीटवर चढून दांडे हलविणे हा लहान मुलांचा आवडता खेळ असतो.

आता छप्पर. बांबूच्या कामट्या अजूनही उत्तम. त्या हलक्या असतात, फुकटात मिळतात आणि मोडल्या तरी हळहळ वाटत नाही. दरवर्षी वापरायचे असेल तर पाऊण किंवा एक इंची लोखंडी पाइप घ्यावा. येथे मापे सुदैवाने फार सोयीची जुळतात. सहा फूट रुंदीवर अर्धवर्तुळाकार कमान करायची, तर तिची लांबी सुमारे साडेनऊ फूट भरते. दोन्ही टोके तीन-तीन इंच खोबणीत जाणार, म्हणजे एका कमानीला दहा फूट पाइप पुरे. बाजारातील पाइप वीस फुटांचा असतो, एका नगातून दोन कमानी निघतात. दहा फूट लांब हौद्याला अडीच-अडीच फुटांवर पाच कमानी लागतात. तीन पाइप आणले तर पाच कमानी होऊन दहा फुटांचा एक तुकडा उरतो आणि तोच सगळ्या कमानींना वरून जोडणारा आडवा दांडा होतो. तुकडा वाया जात नाही. हौद्याची भिंत दोन फूट धरली, तर मधोमध पाच फूट उंची मिळते. उभे राहता येत नाही, पण त्याची गरजही नाही. उंची वाढविण्याचा मोह आवरावा, कारण उंच छप्पर म्हणजे वाऱ्याला दिलेले आमंत्रण.

कमानी हौद्याला कायमच्या जोडू नयेत. हौद्याच्या बाहेरच्या अंगाला जाड पाइपाचे चार-पाच इंचांचे तुकडे खोबणी म्हणून जोडून घ्यावेत, कमानीचे टोक त्यात उतरवावे आणि आरपार पिन घालावी. खोबणीचा तळ उघडा ठेवून आत एक आडवा खिळा ठेवला, की कमान खाली घसरत नाही आणि पावसाचे पाणीही साचत नाही. वेल्डिंग करताना ट्रॉली ट्रॅक्टरपासून वेगळी करावी. वेल्डिंगचा प्रवाह ट्रॅक्टरच्या विजेच्या जोडण्यांतून गेल्यास त्या खराब होतात. हौद्याच्या पत्र्यावर जोडकाम चालेल. खालच्या मुख्य चॅनेलला मात्र भोके पाडू नयेत की तेथे मनाला येईल तसे जोडकाम करू नये. सारा भार तोच वाहतो.

ताडपत्री बारा बाय अठरा फुटांची घ्यावी. बारा फुटांपैकी साडेनऊ कमानीवर जातात आणि दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा फूट खाली लोंबते. तेवढ्याने पावसाचे पाणी भिंतीच्या बाहेर पडते. अठरापैकी दहा फूट छतासाठी गेले, की पुढे-मागे चार-चार फुटांचे पडदे आपोआप तयार होतात. रंगाचा विचार मात्र करावा. निळी किंवा काळी ताडपत्री चैत्रातल्या उन्हात दुपारी भट्टी होते. बाहेरून पांढरी किंवा चंदेरी घ्यावी. तिच्याखाली चार बोटांची मोकळी जागा ठेवून जुन्या सुती लुगड्याचा दुसरा पडदा बांधला, तर ताडपत्रीची धग थेट अंगावर येत नाही. दोन्ही टोकांचे पडदे दिवसा वर गुंडाळून ठेवावेत आणि ट्रॉली उभी करतानाच वाऱ्याची दिशा पाहून वारा आरपार खेळेल अशी लावावी. यवतमाळच्या उन्हाळ्यात ही दोन कामे कुठल्याही पंख्यापेक्षा उपयोगी पडतात.

याच दिवसांत अवकाळी वादळही येते. ताशी साठ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १७ किलो वजनाएवढा असतो. आपल्या छपराच्या एका बाजूवर तो ४५-५० किलोंचा रेटा होतो. पिन घातलेल्या कमानी तो सहन करतात, सुतळीने बांधलेल्या करीत नाहीत. आभाळ गडगडू लागले तर मात्र ट्रॉली कितीही भक्कम असो, ती सोडून पक्क्या इमारतीत जावे. मोठ्या झाडाखाली ट्रॉली लावून पावसाची वाट पाहणे सर्वांत वाईट.

आतील मांडणी साधी असावी. हौद्याच्या तळापासून सव्वा फुटावर आडव्या फळ्या टाकून माळा करावा. फळ्या भिंतींना आतून जोडलेल्या लोखंडी कोनांवर टेकवाव्यात, त्यांना ठोकून बसवू नये. फळ्यांखाली धान्य, भांडी, अंथरुणे राहतात आणि वर माणसे झोपतात. झोपताना लांबीच्या दिशेने न झोपता रुंदीत आडवे झोपावे. सहा फुटांत बहुतेकांचे अंग मावते आणि दहा फूट लांबीत माणशी दोन फूट धरले तर पाच माणसांची सोय होते. जड सामान आसाच्या किंचित पुढे, सर्वांत खाली. पाण्याचा दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे दोनशे किलो वजन, आणि अर्धा भरलेला ड्रम वळणावर डुचमळतो. त्यापेक्षा वीस लिटरचे चार-पाच कॅन आणावेत.

या पाण्याच्या आणि बिछान्याच्या संदर्भात एक गोष्ट जरा ठासून सांगितली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या हंगामात कपाशीवरील फवारणीतून झालेली विषबाधा पाहिली आहे. तीत वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्या वेळी चर्चा हातमोजे आणि तोंडावरील फडक्यांची झाली. परंतु कीटकनाशकाचे डबे, गळके पंप, बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्यांची पोती वाहून नेणारी ट्रॉली तीच असते आणि हौद्याच्या फटीत, गंजलेल्या कोपऱ्यांत त्याचे अंश राहतात. नुसती केरसुणी फिरवून त्यावर मुलांची अंथरुणे घालणे योग्य नाही. निघण्याच्या दोन दिवस आधी हौदा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने खरवडून धुवावा, फाळका सोडून पाणी पूर्ण निथळू द्यावे. हे पाणी विहिरीकडे किंवा जनावरांच्या हौदाकडे वाहू देऊ नये. उन्हात कडक वाळल्यावर तळाला स्वच्छ ताडपत्री अंथरावी आणि मगच फळ्या टाकाव्यात. पाण्यासाठी औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी वापरू नये.

उजेडाची सोय आता फार सोपी झाली आहे. बहुतेक घरी बॅटरीवर चालणारा फवारणी पंप असतो. त्यातील बॅटरी साधारणतः १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची, म्हणजे ९६ वॅट-अवर साठविणारी असते. अशी शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये हे धरले, तरी पाच वॅटचा एलईडी दिवा नऊ तास चालतो. एका रात्रीला पुरे. पंपातून काढलेली बॅटरी बाहेरून नीट पुसून घ्यावी, तारेत फ्यूज घालावा आणि ती झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावी. रानडुकरांसाठी शेतात लावलेल्या झटका यंत्राचे सौर पॅनेल १२ व्होल्टचे असेल, तर दिवसा चार्जिंगला तेही चालते, मात्र मध्ये चार्ज नियंत्रक हवा. खुद्द झटका यंत्र मात्र शेतातच राहू द्यावे. ‘ट्रॉलीला चोर हात लावणार नाही’ असा विचार करणारे कल्पक लोक आपल्याकडे आहेत, म्हणून हे लिहिले.

स्वयंपाक कमानीखाली नको, हा नियम मोडू नये. फाळका साखळ्यांवर आडवा सोडला की कणीक मळायला, भाजी चिरायला उत्तम ओटा मिळतो (मागचे पाय आधी लावलेले असले पाहिजेत). चूल किंवा गॅसची शेगडी ट्रॉलीपासून आठ-दहा पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, जमिनीवर असावी. सिलिंडर आणि डिझेलचा कॅन हौद्यात झोपणाऱ्यांबरोबर ठेवू नये. सेवालाल महाराजांची जयंती १५ फेब्रुवारीला येते, तेव्हा रात्री थंडी असते. पडदे सोडून आत कोळशाची शेगडी ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. त्याऐवजी एक घोंगडी जास्त न्यावी.

कायद्याची बाजूही पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या वेळी निर्मात्याने दिलेल्या वैशिष्ट्यांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. ट्रॉली या कायद्याच्या कक्षेत येते. हौद्याची लांबी-रुंदी वाढविणे, आस बदलणे, कायमचे पत्र्याचे घर उभारणे ही कामे परिवहन कार्यालयाच्या मंजुरीवाचून करू नयेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले असले, तरी ते पर्यटनासाठी बनविलेल्या व रीतसर नोंदलेल्या वाहनांचे. शेतातल्या ट्रॉलीला त्यातून काही सूट मिळत नाही. खोबणीतून काढता-घालता येणाऱ्या कमानी आणि सुट्या फळ्या यांचा आग्रह त्यासाठीही आहे. यात्रा संपली, की ट्रॉली पुन्हा जशीच्या तशी शेतावर गेली पाहिजे.

आता सर्वांत अवघड मुद्दा. वर सांगितलेले घर थांबलेल्या ट्रॉलीत आहे, धावत्या ट्रॉलीत नाही. शेतीची ट्रॉली माल वाहण्यासाठी असते. तिच्यातून माणसे नेणे कायद्याला मान्य नाही आणि अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर भागात १ ऑक्टोबर २०२२ रोजी देवदर्शनाहून परतणारी ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात उलटली आणि २६ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात ४ एप्रिल २०२५ रोजी मजूर स्त्रियांना शेतावर नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला, सात जणींचा जीव गेला. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर ती मागून ट्रॅक्टरला ढकलते आणि वळणावर ट्रॅक्टर आधी उलटतो की ट्रॉली, एवढाच फरक राहतो. त्यात आत माणसे उभी असली, की भाराचा मध्य वर सरकतो, आणि वर ताडपत्री बांधलेली असली तर उडी मारायलाही वाट राहत नाही.

हे वाचून ‘मग जायचे कसे’ असा प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. ट्रॉलीत बसून जाणाऱ्या कुटुंबाला हौस असते म्हणून ते तसे जात नाही. पाच-सात माणसांचे भाडे वाचते म्हणून जाते. परंतु आता हिशेब पूर्वीसारखा राहिलेला नाही. एसटीच्या गाड्यांतून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून विनामूल्य प्रवास आहे, स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे. सामान, फळ्या, पाणी, धान्य ट्रॉलीतून पुढे जावे. ट्रॅक्टरवर परवानाधारक चालक एकटा असावा, मडगार्डवर कोणीही नको. घरच्यांनी एसटीने जाऊन मुक्कामावर भेटावे. तेथे एक-दोन धडधाकट माणसे आधी पोहोचली, की कमानी चढवायला अर्धा तास लागत नाही. प्रवासात कमानी उतरवून हौद्यात बांधलेल्याच असाव्यात. रस्त्यावरच्या खाली लोंबणाऱ्या तारा आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा वारा, दोन्हींची काळजी मिटते.

दिल्लीच्या सीमेवर सिंघू आणि टिकरी येथे नोव्हेंबर २०२० पासून वर्षभर चाललेल्या शेतकरी आंदोलनात पंजाब-हरियाणातील शेतकरी अशाच ट्रॉल्यांत राहिले. गवताचा थर, त्यावर गाद्या, वर दुहेरी ताडपत्री, विजेचे दिवे, भ्रमणध्वनी चार्ज करायची सोय. दिल्लीची थंडी, ऊन आणि पाऊस असे तिन्ही ऋतू त्या ट्रॉल्यांनी काढले. घर म्हणून ट्रॉली किती कामाची आहे, याचा याहून मोठा पुरावा देता येणार नाही. पण ती घरे उभी होती.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी करायची तपासणी फार मोठी नाही. जोडणीची पिन झिजलेली नाही ना आणि तिच्या टोकाला अडकण आहे ना, हे पाहावे. पिनबरोबर एक जाड साखळीही दांड्यापासून ट्रॅक्टरपर्यंत बांधावी, पिन निसटली तर ट्रॉली मोकाट सुटत नाही. मागे लाल, बाजूंना पिवळी व पुढे पांढरी परावर्तक पट्टी आणि मागचे चालू दिवे हवेत. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून आदळणाऱ्या दुचाकींच्या बातम्या दर हंगामात येतात. फाळक्यावरची लाल पट्टी शेणाने माखलेली असते, ती ओल्या फडक्याने पुसावी. टायरची हवा पाहावी, चाकांचे नट आवळावेत. आणि सामान भरून झाल्यावर, ट्रॅक्टर जोडण्याआधी, दोघांनी मिळून दांडा हाताने उचलून पाहावा. सहज वर आला तर गाडी उलाळ भरली आहे. सामान उतरवून पुन्हा भरावे.